तुये गावची इरेन

तैलरंगातील व्यक्तिचित्रण, म्हणजे जवसाच्या तेलात खललेल्या रंगांनी एखाद्या माणसाचा चेहरा त्याच्या ओळखीच्या लोकांना ओळखू येईल असा रंगवण्याची विद्या, हस्तगत करण्याचे दोन मार्ग परंपरेने मान्य आहेत. पहिल्या मार्गात जिवंत माणसाला समोर बसवून त्याचे चित्र काढले जाते, तर दुसऱ्यात एखाद्या थोर चित्रकाराने पूर्वीच काढून ठेवलेल्या चित्राची नक्कल केली जाते. पेडणे तालुक्यातील तुये या गावी पहिला मार्ग व्यवहारतः बंद आहे. दोन-दोन तास एका जागी बसून राहणाऱ्या माणसांचा तेथे तुटवडा आहे असे नव्हे. पडवीतल्या सोप्यावर दुपारी बसलेला वडीलधारा गृहस्थ दिवेलागणीला तेथेच आढळतो. परंतु रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ‘खंय चल्लो?’ असे विचारणे त्याला कर्तव्य वाटत असल्यामुळे त्याचे डोके दर मिनिटाला एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे फिरते, आणि चित्रकाराच्या हाती चेहऱ्याऐवजी एका कानाचा प्रवास लागतो. गृहिणीच्या चुलीवर शीत असते, मुलांना पाच मिनिटांत तहान लागते, आणि जे कोणी खरोखर बसतात ते पुरे झालेल्या चित्रात वय दहा वर्षांनी कमी आणि वर्ण दोन छटांनी उजळ असावा अशी अट घालतात. म्हणून तुये येथील नवशिका दुसऱ्या मार्गाकडे वळतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा मार्ग, त्यामागचे शास्त्र आणि त्या शास्त्राची तुये येथे होणारी अवस्था हा आहे.

शापोरा नदीच्या उत्तरेला, कामुर्लीहून फेरीबोटीने पलीकडे उतरले की लागणारे हे गाव औद्योगिक वसाहतीसाठी आणि इस्पितळासाठी तालुक्यात परिचित आहे. तैलचित्रांसाठी ते परिचित असल्याचे अद्याप कोणी म्हटलेले नाही. तरीही व्यक्तिचित्राची कल्पना तेथे नवी नाही, किंबहुना तिचा अर्थ तेथे इतका पक्का ठरलेला आहे की नवशिक्याची पहिली अडचण त्यातूनच उद्भवते. घराच्या दर्शनी भिंतीवर, छतापासून हातभर खाली आणि किंचित पुढे झुकवून, चौकटीत बसवलेला जो चेहरा टांगला जातो तो दिवंगत माणसाचा असतो. त्याला हार असतो, आणि काही घरांत खाली एक तांबडा विजेचा दिवाही अखंड जळत असतो. चेहरा, चौकट आणि भिंत हे तीन घटक एकत्र आले की मृत्यू हा चौथा घटक या व्यवस्थेत आपोआप गृहीत धरला जातो. त्यामुळे एखाद्याने आठ वर्षांच्या परक्या मुलीचा चेहरा रंगवायला घेतला की शेजारणीचा पहिला प्रश्न कलेविषयीचा नसतो, तर ‘केन्ना गेली?’ हा असतो, आणि तो इतक्या हळुवार आवाजात विचारला जातो की त्याचे वस्तुनिष्ठ उत्तर, म्हणजे १९६३ साली, देणे असभ्यपणाचे वाटते.

ही मुलगी कोण, हे सांगण्यापूर्वी नकलेची प्रतिष्ठा स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण परीक्षागृहातील पर्यवेक्षकांनी या शब्दाची मराठीत जी बदनामी केली आहे ती कलेच्या इतिहासाला मान्य नाही. पॅरिसमधील लुव्र हा राजवाडा १७९३ मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला तेव्हा आठवड्यातील काही दिवस नक्कल करणाऱ्या चित्रकारांसाठी राखून ठेवण्यात आले होते. एदगार देगा हा चित्रकार तेथे वेलास्केसने रंगवलेल्या राजकन्येची आकृती थेट तांब्याच्या पत्र्यावर कोरत असताना एदुआर माने तेथे आला आणि दोघांची ओळख झाली, असे सांगितले जाते. भारतात राजा रविवर्मा यांची गोष्ट याहून बिकट होती. १८६८ मध्ये त्रावणकोर दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन या चित्रकाराने त्यांना तैलरंगाची विद्या शिकवली नाही, फक्त काम चालू असताना पाहू दिले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. म्हणजे भारतीय तैलचित्रणाच्या पायाशी शिकवणीपेक्षा टेहळणी अधिक आहे. गोव्यात तर या पद्धतीला वेगळे समर्थन लागतच नाही. चतुर्थीपूर्वी मातीच्या गणेशमूर्ती जेथे घडतात त्या जागेला तेथे चित्रशाळा म्हणतात, आणि या शाळेत तास, फळा व प्रमाणपत्र यांपैकी काहीही नसून काकाचा हात पाहून पुतण्याने तसाच हात फिरवणे एवढाच अभ्यासक्रम असतो. शेजारच्या सावंतवाडीतील चिताऱ्यांनी दशावतारी गंजिफांचे १२० पानांचे डाव पिढ्यान् पिढ्या असेच उतरवले. त्यांतील एखाद्या मत्स्यावताराला कोणी स्वतंत्र प्रतिभेने रंगवले असते तर खेळणाऱ्यांनी डाव परत केला असता.

नक्कल करायची तर कोणाची, हा यापुढचा प्रश्न होय. नवशिका या ठिकाणी जो निर्णय घेतो तो सर्वत्र सारखाच असतो, आणि तो सर्वत्र सारख्याच गैरसमजातून घेतलेला असतो. जुन्या युरोपीय व्यक्तिचित्रांत झालरीची प्रत्येक वीण आणि मिशीचा प्रत्येक केस दिसत असल्यामुळे ती त्याला अवघड वाटतात, आणि दृक्प्रत्ययवादी चित्रे पुसट दिसत असल्यामुळे सोपी वाटतात. दृक्प्रत्ययवाद म्हणजे वस्तू कशी आहे हे न रंगवता एका विशिष्ट क्षणी, विशिष्ट प्रकाशात ती डोळ्याला कशी भासते ते सुट्या, ओल्या, न घोटलेल्या फटकाऱ्यांनी रंगवण्याची रीत. हिचे पहिले प्रदर्शन पॅरिसमध्ये १८७४ साली नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत भरले, आणि क्लोद मोनेच्या एका चित्राच्या नावावरून लुई लरुआ या टीकाकाराने चेष्टेने दिलेले नाव तिला कायमचे चिकटले. मराठी वाचकाला या पंथाविषयी जी आपुलकी वाटते तिचे एक कारण कलाबाह्य आहे: मोने आणि माने ही दोन्ही आडनावे त्याला ऐकून माहीत असतात, आणि पहिल्यांदा ऐकताना यांतला एक रत्नागिरीकडचा आणि दुसरा साताऱ्याकडचा असावा असा त्याचा प्रामाणिक समज होतो.

मराठी चित्रकारांनाही मोकळ्या हवेतले चित्रण मानवले. कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांची तुलना या फ्रेंच पंथाशी वारंवार केली जाते, आणि इंदूरला द. दा. देवळालीकर यांच्या हाताखाली तयार झालेल्या ना. श्री. बेंद्रे आदी विद्यार्थ्यांच्या निसर्गचित्रांतही त्याच्या खुणा दिसतात. परंतु निसर्गचित्र आणि व्यक्तिचित्र यांत एक मूलभूत फरक आहे, ज्याकडे नवशिक्याचे लक्ष उशिरा जाते. झाड चुकले तर दुसरे झाड होते. नाक चुकले तर दुसरा माणूस होतो.

तुये येथे निवडले जाणारे चित्र हे प्येर-ओग्युस्त रन्वार याने १८८० मध्ये रंगवलेले इरेन काएं दान्व्हेर हिचे आहे. रन्वार हा या निवडीला अनेक दृष्टींनी योग्य पुरुष होता, कारण त्याचे स्वतःचे शिक्षणच नकलेने झाले: शिंप्याच्या घरातला हा मुलगा वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास चिनीमातीच्या कारखान्यात लागला, तेथे बशांवर फुले आणि राणी मारी आंत्वानेतचा एकच एक चेहरा असंख्य वेळा उतरवत राहिला, आणि १८६० मध्ये त्याने लुव्रमध्ये नक्कल करण्याचा परवाना काढला. इरेन ही लुई काएं दान्व्हेर या श्रीमंत बँकरची मुलगी. घराच्या बागेत, दोन बैठकांत, रन्वारने तिला रंगवले: एका बाजूने दिसणारा, किंचित विचारमग्न चेहरा, पाठीवर सोडलेले तांबूस केस, केसांत निळी फीत, फिकट निळसर पोशाख, मांडीवर ठेवलेले हात आणि मागे दाट हिरवी पाने. हे चित्र सध्या स्वित्झर्लंडमध्ये झुरिक येथे आहे. नवशिक्याकडे ते मोबाइलमध्ये असते.

मोबाइल हे मूळ चित्र म्हणून वापरण्याच्या परिणामांचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे. रंगवलेले चित्र बाहेरून पडलेला प्रकाश परत पाठवते, तर पडदा स्वतःच प्रकाशतो. त्यामुळे पडद्यावरची इरेन आतून दिवा लावल्यासारखी दिसते आणि कॅनव्हासवरची इरेन कितीही पांढरा रंग ओतला तरी तिच्यापुढे आजारी वाटते. संध्याकाळी पडद्याचा रंग डोळ्यांच्या आरोग्यासाठी आपोआप पिवळसर होतो, आणि काविळीची ही लक्षणे दुसऱ्या दिवशी कॅनव्हासवर आढळतात. जिवंत मॉडेल, म्हणजे चित्रकारासमोर बसणारी व्यक्ती, फार तर दर अर्ध्या तासाने उठते. मोबाइलमधले मॉडेल दर तीस सेकंदांनी अंतर्धान पावते आणि त्याला तेलकट बोटाने पुन्हा प्रकट करावे लागते. एखाद्या दुपारी नेमका वरच्या ओठाचा कोपरा साधत असताना इरेनच्या कपाळावर आतेचा फोन येतो. पॅरिसच्या बागेत रन्वारला या अडचणीला तोंड द्यावे लागल्याची नोंद नाही.

चित्राचे मूळ माप ६५ बाय ५४ सेंटिमीटर आहे. म्हापशाच्या दुकानात मिळणारा, खिशाला परवडणारा कॅनव्हास २० बाय १६ इंचांचा, म्हणजे सुमारे ५१ बाय ४१ सेंटिमीटरचा असतो. लुव्रमध्ये नक्कल करणाऱ्यांना आजही असा नियम आहे की नक्कल मूळ चित्राहून किमान एक-पंचमांशाने लहान किंवा मोठी असली पाहिजे, जेणेकरून ती पुढे कोणी अस्सल म्हणून विकू नये; तुये येथील नवशिका हा नियम न वाचताच पाळतो. मात्र दोन्ही आकारांची प्रमाणे सारखी नसतात. नवशिका शाळेत नकाशा मोठा करताना शिकलेल्या पद्धतीने दोन्हींवर सारख्याच संख्येचे चौकोन पाडतो, म्हणजे आडव्या-उभ्या रेषांची जाळी आखून एकेका घरातला मजकूर दुसरीकडच्या त्याच घरात उतरवतो, आणि मूळचे जवळजवळ चौरस असलेले घर येथे उभट झाल्यामुळे इरेन सुमारे चार टक्क्यांनी लांबट होते. चार टक्के हा आकडा बँकेच्या व्याजात नगण्य वाटतो. हनुवटीत तो दिसतो. या टप्प्यावर इरेनला जे रूप प्राप्त होते त्यात गावातील एका विशिष्ट कुटुंबाची हनुवटी ओळखू येते, आणि ते कुटुंब ही ओळख आनंदाने स्वीकारते असे नाही.

तैलरंगाच्या थरांविषयीचा मुख्य नियम समजून घेण्यात मराठी माणसाला एक नैसर्गिक लाभ आहे, कारण त्याच्या भाषेत ‘स्नेह’ या शब्दाचा अर्थ तेल असाही आहे आणि प्रेम असाही आहे. नियम असा की खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, कमी स्नेहाचा असावा, आणि वरचे थर उत्तरोत्तर अधिक स्नेहाचे असावेत. तेल हे पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही, तर हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होत जाते. खालचा थर तेलकट आणि वरचा कोरडा असेल तर वरचा आधी घट्ट होतो, खालचा मागाहून हलतो, आणि वरच्याला तडे जातात. आरंभीच अति स्नेह दाखवला तर पुढे तडा जातो, हे तत्त्व तुयेच्या वडीलधाऱ्यांना तैलरंगाशी काहीही संबंध न येता पूर्वीपासून माहीत आहे आणि ते सोयरीक ठरवताना त्याचा उपयोग करतात. नवशिक्याला मात्र ते पटत नाही. नळीतून जाडसर, चकचकीत रंग पिळून थेट लावण्याचे सुख त्याला आवरत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही, कारण जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये कथलाच्या दाबता येणाऱ्या नळीचे पेटंट घेतले नसते तर रंग खिशात घालून बागेत जाणे आणि पर्यायाने हा सारा पंथच संभवला नसता.

युरोपीय हस्तपुस्तिकांत सांगितलेला दुसरा नियम असा की चित्रकाराने उत्तरेकडच्या खिडकीचा प्रकाश घ्यावा, कारण सूर्य दक्षिणेकडून जात असल्याने उत्तरेचा प्रकाश दिवसभर सौम्य आणि स्थिर राहतो. हा नियम पॅरिसमध्ये बारा महिने खरा आहे. तुये हे विषुववृत्ताच्या उत्तरेस साधारण साडेपंधरा अंशांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरेच अलीकडे असल्यामुळे, मे महिन्याच्या आरंभापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य तेथे डोक्यावरून उत्तरेकडेच गेलेला असतो. हस्तपुस्तिकेवर विश्वास ठेवून उत्तरेकडे तोंड करून बसलेल्या नवशिक्याच्या कॅनव्हासवर मे महिन्यात कवडसे पडतात, आणि तो ते इरेनच्या पोशाखाचा भाग समजून रंगवतो. जूनमध्ये ही अडचण दूर होते, कारण सूर्यच दूर होतो.

रंगांच्या बाबतीत नवशिक्याची पहिली खरेदी बहुधा ‘फ्लेश टिंट’, म्हणजे त्वचेसाठी तयार मिळणारा रंग, ही असते. ही फिकट गुलाबी छटा तालुक्यातील कोणत्याही रहिवाशाशी जुळत नाही, आणि मांद्रे-हरमलच्या किनाऱ्यावर उतरलेल्या परदेशी पाहुण्यांशीही ती फक्त पहिल्या दिवशी जुळते. वास्तविक मानवी त्वचेला एक असा रंग नसतोच. ही गोष्ट ज्याला पाहायची असेल त्याने पणजीला जाऊन फुंदासांव ओरिएंत या संस्थेत जपलेली आन्तोनियो झेवियर त्रिंदाद यांची चित्रे पाहावीत. १८७० मध्ये सांगे येथे जन्मलेला, मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेला आणि नंतर तेथेच शिकवणारा हा गोमंतकीय ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणून ओळखला गेला, आणि येथील तांबूस-सावळ्या चेहऱ्यांवर प्रकाश कसा उतरतो हे त्याने ज्या समजुतीने रंगवले ती नळीत भरता येत नाही. तुयेहून पणजी एका सकाळीत गाठता येते. तथापि नवशिक्याचे मन झुरिकला असल्यामुळे पणजी त्याच्या वाटेवर येत नाही.

दृक्प्रत्ययवाद्यांनी सावलीतून काळा रंग बहुतांशी हद्दपार केला. मोकळ्या जागी सावलीत असलेल्या वस्तूवर सूर्याचा थेट प्रकाश पडत नसला तरी निळ्या आकाशाचा पडतोच, म्हणून तिची छाया निळसर किंवा जांभळट असते, हे त्यांचे निरीक्षण होते. आणि शेजारी ठेवलेले विरुद्ध रंग एकमेकांना अधिक तीव्र करतात हे रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल याने गालिच्यांच्या कारखान्यात काम करताना ताडून १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले होते. हे ज्ञान प्राप्त झालेला नवशिका इरेनच्या गालाखाली मोठ्या आत्मविश्वासाने कोबाल्ट निळ्याचा फटकारा मारतो. रन्वारच्या हातची निळी छाया आसपासच्या दहा छटांत विरघळलेली असते. नवशिक्याची एकटी असते. तिच्याकडे पाहून दूध घालायला आलेली बाई ‘पडलें काय कितें?’ असे कळवळून विचारते. ती सूज उतरवण्यासाठी शेजारी पिवळा लावला जातो, त्यामुळे जखम जुनी दिसू लागते, आणि अखेरीस पांढरा लावून सर्व प्रकरण मिटवले जाते. रन्वारच्या काळचा पांढरा शिशापासून केलेला, उबदार आणि किंचित पारदर्शक होता. आताचा टिटॅनियमचा पांढरा इतका जोमदार असतो की ज्यात पडतो त्याचे पीठ करतो. त्यामुळे या अवस्थेत इरेन नाटकाच्या रात्री रंगपटातून अर्धवट उठून आलेल्या पात्रासारखी दिसते.

‘ओल्यावर ओले’ हे या पंथाचे आणखी एक तंत्र असून त्यात पहिला रंग वाळण्यापूर्वीच दुसरा त्याच्यावर चढवला जातो. पॅरिसमध्ये यासाठी घाई करावी लागे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस घेणाऱ्या गोव्यात घाईचे कारण उरत नाही. आषाढात तुये येथे दोरीवरचे कपडे, भिंती, विहिरीचा रहाट आणि इरेन या सर्वांना ओल्यावर ओले हे तंत्र एकाच वेळी लागू होते. दमट हवेत रंग आठवड्यामागून आठवडे चिकट राहतो, कॅनव्हासच्या पाठीवर बुरशीची नक्षी उमटते, आणि पहिल्या सरीनंतर दिव्याकडे झेपावणारे पंखवाले किडे मागच्या हिरव्या पानांत कायमचे वास्तव्य करतात. यात लाजण्यासारखे काही नाही. मोनेने १८७० मध्ये त्रुव्हिल येथे रंगवलेल्या समुद्रकिनाऱ्याच्या चित्रात वाळूचे कण सापडले आहेत, आणि व्हॅन गॉगच्या १८८९ मधील ऑलिव्हच्या झाडांच्या चित्रात अमेरिकेतील तज्ज्ञांना २०१७ मध्ये एका नाकतोड्याचे अवशेष आढळले. त्या एका नाकतोड्याची बातमी जगभर गेली. तुये येथील चित्रात तशी सामग्री मुबलक आहे.

या सर्व काळात नवशिका शरीराने ज्या दोन क्रिया करतो त्यांमुळे त्याच्याविषयी गावात वेगळेच मत तयार होते. पहिली क्रिया डोळे किलकिले करण्याची आहे: पापण्या अर्ध्या मिटल्या की बारीकसारीक तपशील नाहीसे होऊन उजेड आणि अंधार यांचे मोठे पुंजके तेवढे दिसतात, आणि चित्राची मांडणी तपासता येते. दुसरी क्रिया मागे सरकण्याची आहे, कारण सुट्या फटकाऱ्यांचे चित्र हाताच्या अंतरावर रंगवले जात असले तरी चार-पाच पावलांवरूनच ते डोळ्यात जुळून येते. पडवीची रुंदी चार पावलांची असते. पाचवे पाऊल पायरीवर पडते आणि सहावे तुळशीच्या अंगणात. डोळे अर्धे मिटून, तोंडाने काही पुटपुटत, उलट्या पावलांनी अंगणात उतरणाऱ्या माणसाच्या या स्थितीचे जे स्पष्टीकरण काजूच्या हंगामात गोव्याच्या गावात सर्वप्रथम सुचते, त्याचा चित्रकलेशी संबंध नसतो.

यानंतर नवशिक्याला तो शोध लागतो ज्यासाठी हा सारा खटाटोप कारणी लागला असे म्हणता येईल. पुसट म्हणून निवडलेल्या या चित्रात चेहरा पुसट नाही. केस, पाने, पोशाख हे सारे सैल हाताने उडवलेले आहे. परंतु कपाळ, गाल, ओठ आणि डोळा हे भाग रन्वारने जुन्या पठडीतल्या चित्रकाराच्या काटेकोरपणाने, जवळजवळ चिनीमातीच्या बशीवर काम करावे तसे रंगवले आहेत. पैसे मोजणाऱ्या घराला मुलगी ओळखू येणे भाग होते, आणि बशांवर राणीचा चेहरा असंख्य वेळा उतरवलेल्या हाताला ते येत होते. सैलपणा हा त्याने शेवटी मिळवलेला हक्क होता. नवशिका तो आरंभीच उचलायला गेलेला असतो. ही गोष्ट त्याच्या ध्यानात आणून देणारी व्यक्ती बहुधा कलासमीक्षक नसून चित्रशाळेत आखणी करणारा, म्हणजे गणेशमूर्तीचे डोळे आणि भुवया बारीक कुंचल्याने रेखणारा कारागीर असते. तो रंगांविषयी काही बोलत नाही, निळ्या गालाविषयी विचारत नाही, कोण गेले याचीही चौकशी करत नाही. खूप वेळ पाहून तो एवढेच सांगतो की चेडूं जंय पळयता थंय तुजो दोळो ना. मुलगी जिकडे पाहते आहे तिकडे तुझा डोळा पाहत नाही. मखरात बसणारा प्रत्येक गणपती भक्ताकडे पाहील अशी व्यवस्था आयुष्यभर करत आलेल्या माणसाचा हा शेरा असल्यामुळे त्यावर अपील नसते. डोळा खरवडला जातो, पुन्हा रंगवला जातो, पुन्हा खरवडला जातो. आणि या एका चौरस इंचात नवशिका जे शिकतो ते उरलेल्या तीनशे एकोणीस चौरस इंचांत शिकलेला नसतो.

चित्र संपते, म्हणजे नवशिका दमतो. तैलचित्रावर संरक्षक वार्निश चढवण्यापूर्वी निदान सहा महिने थांबावे असा दंडक असल्यामुळे तोपर्यंत ते कोठे ठेवायचे हा प्रश्न घरापुढे येतो, आणि त्याचा निकाल सर्वानुमते पण कोणी काही न बोलता लागतो. दर्शनी भिंत पूर्वजांची असून तेथे जिवंतपणी कोणाला जागा मिळत नाही, आणि मेल्यावरही परक्याला मिळत नाही. दिवाणखान्यात हातात दिवा घेतलेली, बोटांआडून उजेड चेहऱ्यावर आलेली स्त्री आधीपासून असते. सावंतवाडीस जन्मलेले सा. ल. हळदणकर यांनी स्वतःच्या मुलीला उभी करून रंगवलेल्या आणि म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात असलेल्या चित्राची ही छापील नक्कल असते. मूळ जलरंगातले आहे, पण घरात ते तैलचित्र म्हणून आणि रविवर्म्याचे म्हणून ओळखले जाते. तिला हलवणे अशुभ मानले जाते. माजघरात धूर आहे, देवघरात प्रश्नच येत नाही, आणि झोपण्याच्या खोलीत इरेनचा डोळा, आता नीट साधला गेल्यामुळे, रात्री त्रास देतो. शेवटी परसदारी जी गड्यांची खोली होती, जेथे आता गडी उरले नसल्याने नारळ, कोयते आणि पाण्याचा पंप असतो, तेथे एका खिळ्याला ती लागते.

येथे मूळ चित्राच्या इतिहासातील एक बाब नमूद करणे अगत्याचे आहे. काएं दान्व्हेर कुटुंबाला रन्वारने केलेले काम पसंत पडले नाही. त्याच्या मोबदल्याचे १५०० फ्रँक त्यांनी त्याला रखडवून दिले, आणि मुलीचे हे चित्र घरातील नोकरांच्या खोलीत नेऊन टांगले, असे सांगितले जाते. आकृती, प्रमाण, रंग, प्रकाश आणि थर या पाचही कसोट्यांवर तुये येथील नक्कल मूळ चित्रापासून कमी-अधिक ढळलेली असली, तरी स्थान या सहाव्या कसोटीवर ती त्याच्याशी तंतोतंत जुळते. हे साम्य साधण्यासाठी नवशिक्याने काहीही केलेले नसते. दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांनी परस्परांना न विचारता ते केलेले असते. पंप चालू झाला की ती किंचित हलते, आणि नारळ काढायला आलेला पाडेली तिच्याकडे पाहून पायांतल्या वहाणा बाहेर काढून ठेवतो, कारण कोणीतरी गेले आहे एवढे त्याला स्पष्ट दिसत असते.